कॅमेरा नंबर तीन

आमची सोनई नावाची गाय माझ्या भावाचा आवाज ऐकल्याशिवाय नीट पान्हा सोडत नाही. भाऊ हॉलंडला असतो.

हे मी आजवर दोन डॉक्टरांना सांगितलंय. पहिला जनावरांचा होता, त्यानं गाईला तपासलं. दुसरा माणसांचा होता, त्यानं मला तपासलं. दोघांनीही कॅल्शियम लिहून दिलं.

सविस्तर सांगतो. श्रीगोंद्यापासून अकरा किलोमीटरवर आमची वस्ती. चारी बाजूंनी ऊस. मी अमृत, वय एकोणतीस. घरात आई, बायको रेश्मा आणि दोन वर्षांची मुलगी ज्ञानेश्वरी, जिला सगळे ज्ञानू म्हणतात. वडील सात वर्षांपूर्वी गेले. थोरला भाऊ रविराज, म्हणजे दादा, पाच वर्षांपासून आइंडहोवनला एका कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. वहिनीही तिकडेच. आमच्या गोठ्यात नऊ गाई आहेत, सगळ्या एचएफ, म्हणजे मूळच्या हॉलंडच्या. गाई तिकडून इकडे आल्या आणि दादा इकडून तिकडे गेला. या अदलाबदलीत फायदा कुणाचा झाला यावर आमच्या घरात चर्चा होत नाही, कारण आईचं मत सगळ्यांना माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सहादेव तात्यांचं कुत्रं बिबट्यानं नेलं. दादानं तिकडून ऑर्डर देऊन आमच्याकडे तीन कॅमेरे बसवून घेतले. एक नंबर फाटकावर, दोन नंबर ओट्यावर, तीन नंबर गोठ्यात. तिन्हींना स्पीकर, म्हणजे तिकडून बोललेलं इकडे ऐकू येतं. बिबट्या काही कॅमेऱ्यात आला नाही. दादा मात्र आला आणि परत गेलाच नाही.

संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला तिकडे त्याची जेवणाची सुट्टी असते. काम घरूनच असल्यामुळे तो जेवता जेवता तीन नंबरमधून म्हणतो, "सोनई, उभी राहा गं बाई." बस. सोनई मान वर करते, कॅमेऱ्याकडे बघते आणि दूध सोडते. कालवड असताना तिला सोनईहून त्यानंच आणलं होतं, म्हणून ते नाव. ती आल्यावर आठ महिन्यांत तो गेला. तेव्हापासून तिला वैरण मी टाकतो, तिचं शेण मी काढतो, तिला गोचीड झाले तेव्हा एकेक करून मी वेचले. सकाळच्या धारेला दादा झोपलेला असतो. तेव्हा ती मला चार लिटर देते. संध्याकाळी दादाला सात.

मी जळतो का? हो. मी ते लपवत नाही. लपवून उपयोगही नाही, घरात तीन कॅमेरे आहेत.

आई जेवायला बसली की आधी ताट दोन नंबरला दाखवते. "रवी, शेपू केलाय बघ." मी त्याच घरात राहतो, पण मला भाजी ताटात पडल्यावर कळते. ज्ञानूला मी रागावलो की ती ओट्यावर जाऊन कॅमेऱ्याकडे बोट करून रडते आणि वरून आवाज येतो, "अमृत, का रडवतोस तिला?" अक्षरशः वरून. एवढं लक्ष देवानंही कधी आमच्या वस्तीवर ठेवलेलं नाही.

दिवाळी झाली आणि दादाचा फोन आला. कॅमेऱ्यातून नाही, साधा फोन. त्यामुळे आई घाबरली. वहिनीला पाचवा महिना चालू होता.

"आई, एक ठरवायचंय," दादा म्हणाला. "बाळ इकडं वाढवायचं की तिकडं."

"त्यात काय ठरवायचं? लेकरू घरात वाढतं."

"कुठल्या घरात, तेच ठरवायचंय."

मग त्यानं सांगितलं की असा निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नसतो. त्यानं तक्ता केला होता. एका रकान्यात हॉलंड, दुसऱ्यात वस्ती. हॉलंड तो रोज बघतोच. वस्तीसाठी तो महिनाभर कॅमेऱ्यातून ज्ञानूवर लक्ष ठेवणार. ती काय खाते, कुठं खेळते, कुणाकडे जाते, किती वेळा पडते. रोज दोन्हीकडे गुण द्यायचे. महिनाअखेर ज्याचे जास्त, तिथं बाळ.

"म्हंजी माझी पोरगी सँपल," मी म्हणालो.

"तसं नाही रे. संदर्भ."

"आन वहिनी काय म्हणती?"

"ती म्हणते मला दोन्ही चालेल. पण ठरवायचं तू, आणि नंतर मला बोलायचं नाही."

फोन ठेवून आई माडीवर गेली. माडीवर दादाची खोली आहे. तिला एसी आहे आणि पाच वर्षांपासून कुलूप आहे. मी, रेश्मा आणि ज्ञानू खालच्या खोलीत झोपतो, जिथं खताच्या गोण्याही झोपतात. आईनं माडीवरच्या गाद्या उन्हात टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून लाकडी पाळणा काढला. त्यात आधी दादा झोपला, मग मी. ज्ञानूच्या वेळी पाळण्याची कडी झिजलेली होती, म्हणून ज्ञानू साडीच्या झोळीत वाढली. आता आईनं श्रीगोंद्याला जाऊन नवीन कडी करून आणली. दोन वर्षांपूर्वीही श्रीगोंदा अकरा किलोमीटरच होतं.

तर माझी अडचण अशी. दादा आला तर माडी त्याची, आई त्याची, सोनई त्याची आणि ज्ञानू अर्ध्याहून जास्त त्याची. या घरात ज्या ज्या जागी मी पाच वर्षं उभा आहे, तिथून मला सरकावं लागणार आणि मी पुन्हा रविराजचा धाकटा भाऊ होणार. आणि दादा नाही आला, तर तो हॉलंडला सुखात राहणार. मला तो इकडेही नको होता आणि तिकडेही नको होता. तिसरा देश उपलब्ध नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात मी हॉलंड निवडलं.

रेश्माला मी बेत सांगितला. वस्तीचे गुण कमी करायचे.

"अहो, आपलंच घर वाईट दाखवून तुमाला काय मिळनार?" ती म्हणाली.

"मिळनार काही न्हाई. जे हाय ते ऱ्हाईल."

 खताच्या गोणीवर वाळत टाकलेलं ज्ञानूचं झबलं तिनं उचललं, घडी घातली आणि परत गोणीवरच ठेवलं.

पहिल्या दिवशी मी ज्ञानूला ओट्यासमोरच्या चिखलात सोडून दिलं. तिनं दोन मुठी माती खाल्ली. दुर्लक्ष ठळक दिसावं म्हणून मी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. संध्याकाळी दादा म्हणाला, "वस्तीला चार गुण. इकडे मुलांना चिखलात खेळवायची शाळा आहे. नाव लावलं तर चौदा महिन्यांनी नंबर लागतो."

तिसऱ्या दिवशी सहादेव तात्यांची बायको बनुबाई आली. कुणालाही न विचारता तिनं ज्ञानूला काखेत मारलं आणि घेऊन गेली. अडीच तासांनी तेल चोपडून, भाकरी चारून परत आणून टाकली. मला वाटलं, आता झालं. भरदिवसा पोरगी उचलून नेली आणि घरच्यांनी चौकशीही केली नाही. दादा म्हणाला, "इकडे खालच्या मजल्यावरच्या बाईनं आम्हाला चिठ्ठी टाकली की तुम्ही जिन्यावरून फार मोठ्यानं चालता. बनुबाईंना पाच गुण."

मग मी सहादेव तात्यांना गाठलं.

"तात्या, उद्या सकाळी आठला भांडायला या."

"कशावरनं?"

"बांधावरनं."

"बांधाचं मिटलंय की तुज्या बापाच्या काळात."

"उकरून काढू."

तात्या वेळेवर आले. दोन नंबरच्या बरोबर खाली उभे राहून चांगले भांडले. त्यांनी काढलेल्या काही गोष्टी तर मला नवीन होत्या, आणि माझी खात्री आहे की त्या खऱ्या होत्या. दमल्यावर ते ओट्यावर बसले, रेश्मानं चहा दिला, तो प्याले, ज्ञानूचा गालगुच्चा घेऊन गेले. दादानं भांडणाला दोन आणि चहाला तीन गुण दिले.

वाईट गोष्टी घडतच नव्हत्या असं नाही. ज्ञानूला ताप आला, रात्रीत मोटारसायकलवरून दवाखान्यात नेताना टायर पंक्चर झालं, विहिरीवरचा स्टार्टर जळाला, रेश्मा एकदा संडासच्या दारात साप बघून तासभर आत अडकली. पण हे सगळं लाईट गेलेली असताना झालं, आणि लाईट गेली की कॅमेरे बंद. दादाला जी वस्ती दिसत होती ती फक्त लाईट असलेली वस्ती होती. तसल्या वस्तीत राहायला मलाही आवडेल.

अठराव्या दिवशी वस्ती बहात्तर, हॉलंड एकेचाळीस. आईनं माडीच्या खिडक्यांना नवीन पडदे लावले. पडद्यांवर बदकं होती.

मी कल्याणकडे गेलो. कल्याण माझा शाळेपासूनचा दोस्त, गावातल्या दूध संकलन केंद्रावर असतो. लोक दूध घालायला येतात आणि जाताना त्याच्याकडून बिबट्याची क्लिप घेऊन जातात. त्याच्या मोबाईलमध्ये बिबट्याच्या त्रेसष्ट क्लिपा आहेत, पिकांप्रमाणे लावलेल्या.

"कसला पाहिजे?" त्यानं विचारलं.

"उसातला."

"बसलेला का चालता?"

"चालता."

"पिल्लं?"

"नको. एवढं नको."

अकरा सेकंदांची क्लिप निघाली. उसाच्या कडेनं एक बिबट्या निवांत चालत जातो, सकाळी फिरायला निघालेल्या रिटायर्ड माणसासारखा. मी ती दादाला पाठवली आणि खाली लिहिलं, 'काल लाईट गेल्यावर आपल्या गोठ्यामागं. मोबाईलवर काढला.'

कल्याणनं तीच क्लिप माझ्या नावानिशी गावाच्या ग्रुपवर टाकली.

"अरे, तुला कुनी सांगितलं टाकायला?"

"तुज्या नावानं एक बी क्लिप नव्हती," तो म्हणाला. "म्हटलं, तुला बी मान मिळावा."

दुपारपर्यंत माझा नसलेला बिबट्या सात जणांनी पाहिला. तात्यांनी दोन पाहिले. आईनं गुरगुरणं ऐकलं. वनखात्याची गाडी आली आणि गोठ्यामागं पिंजरा लावून गेली. पिंजऱ्याला आतून वेगळा कप्पा असतो, त्यात शेळी बांधतात. शेळी आमची. वनरक्षकानं मला ठसे कुठं आहेत विचारलं. मी म्हणालो, ऊसतोडवाल्यांच्या पायाखाली गेले. तो म्हणाला, नेहमी तसंच होतं.

दोन दिवस तिन्ही कॅमेऱ्यांतून आवाज आला नाही. सोनई संध्याकाळी तीन लिटरवर आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा साधा फोन.

"आई, तक्ता बंद केला," दादा म्हणाला. "बिबट्याचे किती गुण वजा करायचे तेच मला ठरवता येईना. आम्ही इकडेच राहतो."

"बरं," आई म्हणाली.

एवढंच. एरवी फोन ठेवायला ती पाऊण तास घेते. मग ती माडीवर गेली, बदकांचे पडदे काढले आणि त्यांच्या घड्या घालून पाळण्यात ठेवल्या. पाळणा माळ्यावर गेला. माडीला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी तिनं ताट कॅमेऱ्याला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"तुज्या बापाला म्या तवाच म्हनले हुते, ऊस नका लावू," ती मला म्हणाली. "ज्वारीच ऱ्हाऊ द्या. ज्वारीत न्हाई ऱ्हात बिबट्या." आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली.

मी जिंकलो होतो. जिंकल्यावर माणसाला काय होतं याचा मला सराव नाही. छातीत जळजळत होतं, म्हणून दोन दिवस मी ॲसिडिटीची गोळी घेतली.

तिसऱ्या संध्याकाळी सोनईनं तीन लिटरही दिले नाहीत. कासेला हात लावला की पाय झाडायची. मी आजूबाजूला बघितलं. गोठ्यात कुणी नव्हतं. मग मी दादाचा आवाज काढला. थोडा नाकात, थोडा पुण्याकडचा, प्रत्येक शब्द धुऊन वाळवल्यासारखा. "सोनई, उभी राहा गं बाई."

सोनईनं मान वर केली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि पान्हा सोडला.

"मी एवढा नाकात बोलतो का?" तीन नंबर म्हणाला.

मी बादली सांडता सांडता वाचवली. "तू बघतोयस?"

"रोज बघतो. बोलत नाही फक्त."

मी धार चालू ठेवली. गाईच्या पोटाला डोकं टेकवलेलं असलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हा एक फायदा असतो.

"दादा, बिबट्या खोटा हाय."

"माहितीये."

"कसं?"

"मागं नारळाची रांग दिसते. शंभर तरी झाडं असतील. आपल्या सगळ्या शिवारात नारळ एकच आहे, तात्यांच्या दारात, आणि त्याला आजपर्यंत नारळ लागलेला नाही."

सगळ्या गावानं ती क्लिप बघितली होती. वनखात्यानं बघितली होती. नारळ कुणालाच दिसले नव्हते.

"मग तू आईला फोनवर तसं का सांगितलंस?"

तिकडे चमचा ठेवल्याचा आवाज आला. लांबून वहिनी विचारत होती, "सोनईनं दिलं का दूध?"

"ती दिवसभर मोबाईलवर तुमचा गोठा चालू ठेवते," दादा म्हणाला. "स्वयंपाकघरात, रेडिओ लावल्यासारखा. तू गाईंना बोलत असतोस ते ऐकत ती भाज्या चिरते." चमचा पुन्हा वाजला. "अमृत, मला यायचं नाहीये. आईला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तक्ता काढला. वाटलं, हॉलंड आपोआप जिंकेल. तर तू पहिल्याच दिवशी पोरीला चिखलात सोडलंस."

"म्या ते वाईट दिसावं म्हणून केलतं."

"ते नंतर कळलं, तात्या भांडायला आले तेव्हा. भांडायच्या आधी त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून टोपी नीट केली."

मी सोनईला सोडून दुसऱ्या गाईकडे गेलो. त्याचा आवाज मागून आला.

"अठरा दिवस बघितलं. वैरण टाकताना तू, ज्ञानूचं नाक पुसताना तू, आईच्या गुडघ्याला तेल लावताना तू. मी येऊन उभा कुठं राहणार? मला इथनं नुसतं बोलता येतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण कबुली द्यायला मी आलो होतो, आणि चांगली चांगली वाक्यं त्याच्या वाट्याला गेली.

"आईला खरं सांगू?" मी विचारलं.

"नको. तिनं माझ्यावर राग धरण्यापेक्षा बिबट्यावर धरलेला बरा. बिबट्याला काय फरक पडतो?"

पाच वर्षांत आम्ही दोघा भावांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

त्यानंतर आठवडा गेला. ऊसतोडवाल्यांनी गोठ्यामागचा फड जवळजवळ मोकळा केला, एक पट्टा तेवढा उभा राहिला. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास उसाचा ट्रॅक्टर आमच्या फाटकात अडकला. मी, ट्रॅक्टरवाला आणि तात्या तिघं तो बघत उभे होतो. रेश्मा चुलीपाशी होती. आई देवापाशी दिवा लावत होती. ज्ञानू गोठ्यात घमेल्यातली पेंड चिवडत बसली होती. लाईट होती. हे मी मुद्दाम सांगतो, लाईट होती.

तीन नंबरमधून आवाज आला. दादाचाच, पण असा मी तो कधी ऐकला नव्हता. त्यात पुणं नव्हतं, हॉलंड नव्हतं. "ए, हाड. हाड. निघ हितनं. अमृत, गोठा. अमृत, गोठ्यात जा."

मी पळालो. पिंजऱ्याच्या अलीकडे तो उभा होता. ज्ञानूपासून पंधरा फुटांवर. क्लिपमधल्यापेक्षा लहान आणि जास्त पिवळा. तो ज्ञानूकडे बघत नव्हता. कॅमेऱ्याकडे बघत होता. वरून कुणीतरी रागावतंय आणि माणूस तर दिसत नाही, हे बघून चेहऱ्यावर जे भाव येतात, ते त्याच्या चेहऱ्यावर होते. मला ते ओळखता येतात, दोन वर्षं माझ्या चेहऱ्यावर तेच आहेत. वरून पुन्हा एक "हाड" आलं. तो वळला आणि आमच्या शेळीकडे ढुंकूनही न बघता पिंजऱ्याच्या बाजूनं उभ्या पट्ट्यात शिरला.

मी ज्ञानूला उचललं. ती पेंड चघळत होती. "काका ओलडला," ती म्हणाली. पलीकडे सोनईच्या चारी सडांतून दूध आपोआप खाली सांडत होतं. आवाज ऐकला होता ना तिनं.

मला ज्ञानूला सोडता येईना. रेश्मा धावत आली, तिनं हात पुढे केले, तरी मी धरूनच उभा होतो. स्पीकरमधून दादाचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

"ती बरी आहे का? अमृत, मला काही दिसत नाहीये. तू मध्ये उभा आहेस. सरक जरा."

मी सरकलो.

आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती देव्हाऱ्यापासून आली ती थेट तीन नंबरखाली उभी राहिली आणि बराच वेळ वर बघत राहिली.  रात्री जेवायला बसताना तिनं ताट उचललं आणि दोन नंबरला दाखवलं.

"रवी, मेथी हाय."

"हं, आई."

"तू तिकडंच ऱ्हा."

"आई, मी खरं तर..."

"आईक आधी. हितं असतास तर तू बी फाटकात ट्रॅक्टरच बघत उभा ऱ्हायला असतास. तिकडनं तुला समदं दिसतं. लेकरू तिकडं वाढव. फकस्त त्याच्या पाळन्यावर एक कॅमेरा लाव. आमी हितनं बघू."

दादा रडत होता की नेट अडखळत होतं ते कळलं नाही. मी मेथी खात होतो. मी फाटकात ट्रॅक्टर बघत उभा होतो हे तिनं ज्या सहजपणे सांगितलं, तेवढं एक मला घासाबरोबर गिळता येत नव्हतं.

तीन नंबरमधली ती क्लिप कल्याणनं दुसऱ्या दिवशी टाकली. 'हॉलंडवरून बिबट्या हाकलला.' ती आमच्या तालुक्यातून नेवाशाला गेली, तिथून कुठं कुठं गेली. चार वस्त्यांवरच्या लोकांनी दादाला निरोप पाठवले की आमच्यासाठी पण एक हाड रेकॉर्ड करून पाठवा. तात्यांनी कॅमेरा घेतला आणि दादाचं हाड रोज संध्याकाळी सहाला लावतात. मोबाईलमध्ये कल्याणनं या चौसष्टाव्या क्लिपसाठी वेगळं कपाट केलं. या भागात यंदा बिबट्या सगळ्यात आधी मी आणला होता. माझं नाव कुठंच नव्हतं.

आईनं बदकांचे पडदे कुरिअरनं पाठवले.

मार्चमध्ये दादाला मुलगा झाला. नाव अजून ठरलेलं नाही, तक्ता चालू आहे. त्याच्या पाळण्यावर चार नंबरचा कॅमेरा आहे आणि तो माझ्या मोबाईलवर दिसतो. मुलाला स्वतःची खोली आहे. खोलीत एकही गोणी नाही. दूध कोमट करायचं यंत्र आहे, हवा ओलसर ठेवायचं यंत्र आहे, आणि तो रडला की छतावर चांदण्या पाडणारं यंत्र आहे. ज्ञानूला मी सगळं दाखवलं. ती म्हणाली, मला पण चांदन्या. मी तिला ओट्यावर नेऊन वर बघायला सांगितलं. ती म्हणाली, या नको.

पण पोरगं झोपत नव्हतं. दादा गायचा, वहिनी थोपटायची, चांदण्या फिरायच्या, तो ओरडतच राहायचा. एका संध्याकाळी मी गोठ्यात असताना दादाचा फोन आला. मागं पोरगं टाहो फोडत होतं.

"अमृत, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. ही म्हणते, गाईंशी बोलतोस तसं बोल. करून तर बघू."

मी चार नंबर लावला. समोर लालबुंद, मुठी आवळलेलं एवढंसं पोर. मला काही सुचेना. सोनई नेमकी शेणात पाय देऊन उभी होती.

"सरक गं तिकडं," मी म्हणालो. "पाय काढ. काढ की. दिसत न्हाई का तुला, किती येळा सांगायचं."

पोरगं रडता रडता थांबलं. त्यानं मान कॅमेऱ्याकडे वळवली. मुठी सैल झाल्या. वहिनीच्या पोटात असल्यापासून चार-पाच महिने त्यानं दिवसभर हेच ऐकलं होतं. मी आणखी दोन वाक्यं बोललो, वैरणीबद्दल. तो झोपला.

 स्क्रीनच्या कोपऱ्यात दादाचा चेहरा दिसत होता. मुलाकडे बघायचं की मोबाईलकडे, हे त्याला ठरवता येत नव्हतं. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

आता रोज संध्याकाळी फोन येतो. मी तो तिसऱ्या रिंगला उचलतो. पहिल्या रिंगलाही उचलता येईल, एक हात मोकळाच असतो.